'नको' म्हणणारा वाटाड्या

वाट दाखवतो तो वाटाड्या. किती साधा शब्द! गडाच्या पायथ्याच्या वाडीतला एखादा पोरगा पुढे चालतो, "इकडून या, तिकडं निसरडं हाय" म्हणतो आणि आपण त्याच्या टाचांकडे पाहत वर पोहोचतो. परदेशातल्या डोंगरांत याच माणसाला गाइड म्हणतात. त्याच्याकडे परवाना असतो, ओळखपत्र असतं आणि दिवसाचा ठरलेला दर असतो. तो दर परवडत नाही म्हणून, किंवा आपल्या चालीनं चालायचं म्हणून, आपली तरुण मुलं हल्ली पाठीवर सॅक टाकून परदेशात जातात आणि फोनवर सहज सांगतात, "आई, गाइड नाही घेतलेला. आमचं आम्हीच जाणार."

हैदराबादेत तर हे घरोघरी झालं आहे. हायटेक सिटी, गच्चीबावलीच्या कंपन्यांत काम करणारी आपल्या नांदेड, देगलूर, धर्माबाद, उदगीरकडची किती तरी मुलं-मुली आहेत. वर्षाची रजा साठवायची, स्वस्तात विमानाचं तिकीट मिळवायचं आणि व्हिएतनाम, नेपाळ, जॉर्जिया गाठायचं. आईवडील इकडे गावी देव पाण्यात ठेवून बसतात. म्हणूनच या विषयावर थोडं सविस्तर लिहावं असं वाटलं. मी स्वतः हैदराबादच्या एका शाळेत बरीच वर्षे भूगोल शिकवला आहे आणि २०२४ च्या सप्टेंबरात माझ्या मुलीबरोबर जॉर्जिया देशातल्या स्वानेती भागात, वाटाड्या न घेता, चार दिवसांची पायी वाट धरली होती. तेव्हा मी बावन्न वर्षांची होते आणि मुलगी सव्वीसची.

घरात विरोध होताच. सासूबाई नांदेडला असतात. त्यांनी फोनवर एकच प्रश्न विचारला, "वाट दावायला कोणी नाही, भाषा येत नाही, अन् वाट चुकली तर विचारणार कोणाला?" प्रश्न अगदी बरोबर होता. त्याचं उत्तर शोधण्यात आमचे सहा महिने गेले. ते सहा महिने मात्र आम्ही हैदराबादेतच काढले, आणि खरं शिक्षण तिथेच झालं.

नकाशांचं गाव

हैदराबादला लोक मोत्यांचं, बिर्याणीचं गाव म्हणतात. माझ्यासारख्या भूगोलवाल्या बाईसाठी ते नकाशांचं गाव आहे. भारताची मोजणी करणारा विल्यम लॅम्बटन याचं ठाणं काही वर्षे हैदराबादेत होतं. १८१५ साली त्याच्या पथकानं आपल्या शेजारच्या बिदरजवळ पायारेषा मोजली होती. पुढे ज्याचं नाव जगातल्या सर्वांत उंच शिखराला मिळालं तो जॉर्ज एव्हरेस्ट १८१८ च्या अखेरीस लॅम्बटनचा मदतनीस म्हणून हैदराबादलाच रुजू झाला. दुसऱ्याच वर्षी कृष्णा-गोदावरीच्या मधल्या जंगलात मोजणी करताना तो हिवतापानं आजारी पडला. लॅम्बटन आपलं ठाणं हैदराबादहून नागपूरला हलवत असताना वाटेतच, वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला, २० जानेवारी १८२३ रोजी वारला. त्याची कबर तिथेच आहे.

आजही भारतीय सर्वेक्षण विभागाची प्रशिक्षण संस्था हैदराबादच्या उप्पल भागात आहे. १९६७ साली ती सुरू झाली. उपग्रहांनी घेतलेली छायाचित्रं जिथे उतरवून घेतली जातात ते राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्रही हैदराबादेतच आहे, आणि 'भुवन' नावाचं नकाशांचं दालन २००९ पासून सगळ्यांना खुलं आहे. सर्वेक्षण विभागाचे नकाशे पूर्वी मिळवणं म्हणजे अर्ज-विनंत्यांचं काम होतं. २०१७ पासून बरेच नकाशे संगणकावर फुकट उतरवून घेता येऊ लागले.

हे सगळं सांगायचं कारण असं की, वाटाड्या नसला तर त्याची जागा आधी नकाशा घेतो. नकाशा हातात असणं वेगळं आणि वाचता येणं वेगळं. समोच्च रेषा जवळजवळ आल्या की चढ उभा, लांब लांब गेल्या की सपाटी, हे आपण नववीत शिकतो आणि परीक्षेनंतर विसरतो. मी मुलीला सांगितलं, "आधी इथला नकाशा वाच, मग तिकडचा."

खडकांवरची शाळा

हैदराबादचे खडक फार जुने, सुमारे अडीचशे कोटी वर्षांचे ग्रॅनाइट. एकावर एक रचून ठेवल्यासारखे दिसणारे ते गोल धोंडे आता घरं आणि रस्त्यांसाठी फोडले जात आहेत. ते वाचावेत म्हणून १९९६ पासून 'सोसायटी टू सेव्ह रॉक्स' ही संस्था काम करते आणि लोकांना खडकांमधून फिरवून आणते. खाजागुडाचे खडक, मौला अलीची टेकडी, गोवळकोंड्याच्या पायऱ्या, विकाराबादजवळची अनंतगिरी, जिथे मुसी नदी उगम पावते, या आमच्या रविवारच्या शाळा झाल्या.

सर्वांत जास्त शिकवलं ते भोंगीरनं. हैदराबादपासून सुमारे ५० किलोमीटरवर एकाच अखंड खडकाचा हा डोंगर आहे, त्यावर चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या काळातला किल्ला. इथेच गिर्यारोहणाचं प्रशिक्षण घेऊन मालावत पूर्णा हिनं २५ मे २०१४ रोजी एव्हरेस्ट सर केलं. ती तेव्हा चौदा वर्षांचीही नव्हती! पूर्णा आपल्या शेजारच्या निजामाबाद जिल्ह्यातल्या पाकाला गावची, शेतमजूर आईबापाची मुलगी, समाजकल्याण खात्याच्या निवासी शाळेत शिकलेली. तिच्याबरोबर खम्मम भागातला आनंद कुमारही शिखरावर पोहोचला. त्यांच्यामागे प्रशिक्षक होते, शेर्पा होते, मोठी मोहीम होती. आमचं तसं काही नव्हतं. पण पूर्णाच्या गोष्टीतली एक गोष्ट सगळ्यांच्या उपयोगाची आहे : डोंगरावर जायच्या आधी ती महिनोन् महिने तयारी करत होती.

आम्ही भोंगीरला आपली चाल मोजायला शिकलो. स्कॉटलंडच्या नाइस्मिथ नावाच्या गिर्यारोहकानं १८९२ साली एक हिशोब सांगितला होता : सपाटीवर दर पाच किलोमीटरला एक तास धरा आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. हा हिशोब चपळ माणसाचा. पाठीवर नऊ किलोंची सॅक घेतलेल्या, गुडघे कुरकुरणाऱ्या माझ्यासारखीला त्याच्या दीडपट वेळ लागतो हे तीन-चार रविवारी घड्याळ लावून कळलं. हा दीडपटीचा आकडा आमचा पहिला वाटाड्या ठरला.

कुठे चालतं, कुठे चालत नाही

वाटाड्याशिवाय जाणं सगळीकडे चालत नाही, हे आधी ध्यानात घ्यावं. टांझानियातल्या किलिमांजारोवर १९९१ पासून परवानाधारक वाटाड्या सक्तीचा आहे. पेरू देशातल्या प्रसिद्ध इन्का वाटेवर परवानाधारक संस्थेबरोबरच जाता येतं, आणि हमालांसह दिवसाला पाचशे माणसांचीच मर्यादा आहे. नेपाळनं १ एप्रिल २०२३ पासून परदेशी पदयात्रींना वाटाड्या घेणं बंधनकारक केलं. एकट्यानं फिरणारी माणसं हरवत होती आणि त्यांच्या शोधावर पैसा व माणसं खर्ची पडत होती, हे एक कारण. स्थानिकांना रोजगार मिळावा, हे दुसरं. एव्हरेस्टच्या पायथ्याच्या खुंबू भागातल्या स्थानिक पालिकेनं मात्र तो नियम आपल्याकडे लावला नाही. तेव्हा नेपाळला जाणाऱ्यांनी ज्या भागात जायचं तिथला नियम निघण्याआधी विचारून घ्यावा.

याउलट स्वित्झर्लंडमध्ये सुमारे ६५ हजार किलोमीटरच्या पायवाटा पाट्या लावून आखल्या आहेत. पिवळी पाटी म्हणजे साधी वाट, पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरी वाट आणि पांढरा-निळा-पांढरा म्हणजे दोर, बर्फ यांची सवय असलेल्यांचीच वाट. पाटीवर अंतराऐवजी वेळ लिहिलेली असते. जॉर्जियातही मेस्तिया ते उश्गुली ही वाट अशीच खुणा केलेली आहे, रोज संध्याकाळी एक गाव लागतं, गावात घरगुती मुक्काम मिळतो आणि वाटाड्याची सक्ती नाही. एकूण अंतर साधारण ५५ ते ६० किलोमीटर. पहिल्यांदा आपल्या आपण चालणाऱ्याला झेपेल अशी वाट म्हणून आम्ही ती निवडली.

स्वानेतीतले चार दिवस

कुताइसीहून मेस्तियाला आम्ही 'मार्श्रुत्का'नं गेलो. म्हणजे आपली काळी-पिवळीच समजा! भरल्याशिवाय निघत नाही आणि निघाली की वळणावरही थांबत नाही. स्वानेतीच्या गावांत घराला लागून दगडी बुरूज उभे आहेत, आठशे-हजार वर्षांपूर्वीचे. शत्रू आला किंवा भाऊबंदकी पेटली की घरातली माणसं त्यात आसरा घ्यायची. १९९६ साली युनेस्कोनं हा भाग जागतिक वारशाच्या यादीत घेतला. मागे पाच हजार मीटरहून उंच शखारा शिखराची बर्फाची भिंत.

खाण्याची काळजी सासूबाईंना जास्त होती. त्यांनी धपाट्यांचं पीठ आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती. प्रत्यक्षात शाकाहारी माणसाचंही तिथे भागतं. राजम्याचं 'लोबिओ', चीज भरलेली 'खाचापुरी' भाकरी आणि बटाटा-चीज घोटून केलेलं 'ताश्मिजाबी'. मुक्कामाच्या घरातली आजी आमच्या चटणीचा वास घेऊन हसली आणि तिनं स्वानेतीचं मसाल्याचं मीठ पुढे केलं. भाषा न येता दोन घरांची देवाणघेवाण झाली.

पहिले दोन दिवस सरळ गेले. तिसरा दिवस कसोटीचा होता. आदिशी गावातून निघायचं, बर्फाच्या नदीतून येणारा आदिशी ओढा ओलांडायचा, मग २,७०० मीटरहून थोडी उंच असलेली छखुंदेरी खिंड चढून पलीकडे इप्रालीला उतरायचं. अठरा किलोमीटर आणि जवळजवळ सातशे मीटर चढ. नाइस्मिथच्या हिशोबानं पावणेपाच तास, आमच्या दीडपटीनं सात तासांच्या वर.

ओढ्यावर पूल नाही. गावातले लोक घोडे घेऊन उभे असतात आणि पैसे घेऊन पलीकडे सोडतात. हिमनदीच्या पाण्याचा एक नियम आहे : पहाटे ते कमी असतं, ऊन चढलं की बर्फ वितळून दुपारपर्यंत वाढत जातं. म्हणून सकाळी लवकर निघायचं. पण आदल्या रात्रभर पाऊस पडला. सकाळीही थांबेना. आम्ही निघालो तेव्हा नऊ वाजून गेले होते, ओढ्याशी पोहोचलो तेव्हा साडेअकरा. पाणी राखाडी, गढूळ आणि आतून धोंडे घरंगळल्याचा आवाज. घोडेवाला कोणी नव्हता. दोन परदेशी तरुण आमच्या समोर हातात हात घालून उतरले, कमरेपर्यंत भिजले, एकदा लडखडले आणि पलीकडे पोहोचले. तिकडून हात करून आम्हाला बोलवू लागले.

मुलगी म्हणाली, "आई, ते गेले ना! आपणही जाऊ. तुझा हात धरते मी." तिच्या रजेचा हिशोब होता. एक दिवस गेला तर उश्गुली पायी गाठणं होणार नव्हतं, पुढचं विमान चुकायची भीती होती. सहा महिन्यांची तयारी आणि समोर तीस-चाळीस पावलांचं पाणी.

हैदराबादेत असतानाच आम्ही एका वहीत तीन ओळी लिहून ठेवल्या होत्या. गुडघ्याच्या वर वाहतं पाणी असेल तर उतरायचं नाही. दुपारी बारापर्यंत ओढा पार झाला नाही तर मागे फिरायचं. आणि दोघींपैकी एकीनं 'नको' म्हटलं तर दुसरीनं कारण विचारायचं नाही. मी म्हणाले, "नको." ती रागानं गप्प झाली, डोळ्यांत पाणी आलं, पण तिनं कारण विचारलं नाही. आम्ही अडीच तास चालून परत आदिशीला आलो. त्या वाटेत ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी आभाळ उघडलं. पहाटे निघालो. पाणी उतरलं होतं, घोडेवाला हजर होता. त्यानं आम्हाला पलीकडे सोडलं आणि खुणांनीच विचारलं की काल आला होतात का. मुलीनं हो म्हटलं, परत फिरलो असं दाखवलं. त्यानं छातीवर हात ठेवून मान लववली आणि ओढ्याच्या खालच्या अंगाला बोट दाखवलं. त्याला काय सांगायचं होतं ते आम्हाला समजलं. इप्रालीहून उश्गुलीला आम्ही जीपनं गेलो. पायी जायचं राहिलं ते राहिलं.

वाटाड्या खरं काय करतो?

त्या दिवसापासून माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली आहे. वाट दाखवणं हे वाटाड्याचं निम्मंच काम. वाट आता फोनमधला नकाशाही दाखवतो, जाळं नसलं तरी दाखवतो. वाटाड्याचं मोठं काम म्हणजे "आज नको" असं म्हणणं. त्याला त्या पाण्याची, त्या ढगांची सवय असते आणि तुमच्या रजेशी, तिकिटाशी त्याला देणंघेणं नसतं. म्हणून तो निवांतपणे 'नको' म्हणू शकतो. वाटाड्या न घेता जाणाऱ्यानं हे काम स्वतःच्या अंगावर घेतलेलं असतं. ते ओढ्याच्या काठावर सुचत नाही, घरून ठरवून न्यावं लागतं.

ज्यांची मुलं निघणार आहेत त्यांच्यासाठी काही गोष्टी सांगते.

नकाशा फोनवर आधीच उतरवून घ्यावा आणि एक कागदावरही ठेवावा. थंडीत फोनची बॅटरी लवकर उतरते, म्हणून रात्री फोन अंथरुणात घेऊन झोपावं. रोज कुठून कुठे जाणार, किती वाजेपर्यंत पोहोचणार आणि किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर कोणाला कळवायचं, हे घरच्या एका माणसाला लिहून द्यावं. आमच्या बाबतीत ते काम माझ्या दिराकडे होतं. परत फिरलो त्या रात्री मुक्कामाच्या घरून त्यांना निरोप गेला, म्हणून नांदेडला कोणी जागं राहिलं नाही.

युरोपात आणि जॉर्जियातही संकटकाळी ११२ हा नंबर चालतो. फोन नसेल तर शिट्टी वाजवावी किंवा विजेरी दाखवावी : मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट थांबून पुन्हा. मिनिटात तीन वेळा उत्तर आलं म्हणजे कोणीतरी ऐकलं. ही खूण जगभरच्या डोंगरांत ओळखली जाते आणि आपल्या सह्याद्रीतही शिकवावी अशी आहे. ओढा पार करावाच लागला तर सॅकचा कमरेचा पट्टा सोडून ठेवावा, म्हणजे पडल्यास ती झटकन टाकता येते. बूट काढू नयेत.

विमा काढताना त्यात पायी डोंगर चढणं धरलं आहे का आणि किती उंचीपर्यंत, हे बारीक अक्षरात वाचावं. जॉर्जियानं तर १ जानेवारी २०२६ पासून सगळ्या परदेशी पाहुण्यांना आरोग्य आणि अपघात विमा सक्तीचा केला आहे. आणखी एक : परदेशात उपग्रहावरून निरोप पाठवणारी छोटी यंत्रं मिळतात, चांगली असतात. पण भारतात परवान्याशिवाय ती बाळगणं गुन्हा आहे. अलीकडे काही परदेशी पदयात्रींना त्यापायी आपल्या विमानतळांवर अडवलं गेलं होतं. मुलांनी ती तिथे भाड्यानं घ्यावी आणि तिथेच परत करावी.

शेवटचं म्हणजे, वाटाड्या घेतला नाही म्हणून गावच्या माणसाला डावलू नये. मुक्काम त्याच्या घरी करावा, जेवण त्याच्या हातचं घ्यावं, घोड्याचे पैसे घासाघीस न करता द्यावेत आणि सकाळी निघताना त्याच्या तोंडाकडे पाहून 'आज कसं आहे?' एवढं तरी विचारावं.

आपली मराठी आणि हैदराबादची दखनी या शेजारणी. शेजारधर्मानं आपण त्यांना बरंच काही दिलं आणि त्यांच्याकडून घेतलं. आपला 'नको' त्यांच्याकडे जाऊन 'नक्को' झाला आणि चारमिनारच्या गल्ल्यांत आजही खणखणीत वाजतो. माझी मुलगी हैदराबादेत वाढलेली, तिच्या तोंडी तोच असतो. पुढच्या वर्षी ती मैत्रिणींबरोबर किर्गिझस्तानला गेली, माझ्याशिवाय. निघताना मी तिची वही उघडून पाहिली. तिसऱ्या ओळीत माझ्या अक्षरातला 'नको' खोडून तिनं वर मोठ्या अक्षरात 'नक्को' लिहिलं होतं. मी वही मिटून तिच्या सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवली.